वळचणीचं पाणी आढ्याला

बेळगावातल्या फ्लॅटच्या जाहिरातीत 'लॉफ्ट' हा शब्द कधीचा रुळला आहे. 'टू बीएचके, दोन लॉफ्ट' म्हणजे मोरीच्या नाहीतर स्वयंपाकघराच्या वरची सिमेंटची फळी. तिच्यावर गणपतीचं मखर, आकाशकंदील आणि लग्नातली पितळेची पातेली वर्षभर पडून असतात. त्यामुळं जुन्या वखारीत किंवा बंद कारखान्यात केलेलं उंच छपराचं घर 'लॉफ्ट अपार्टमेंट' म्हणून विकायला आलं की पहिला घोटाळा शब्दापाशीच होतो. कायद्याच्या पुस्तकातही लॉफ्ट म्हणजे सामान ठेवायची जागा, उंची जास्तीत जास्त दीड मीटर. माणूस वर राहणार असेल तर तो पोटमाळा, आणि त्याचे नियम वेगळे. विकणारा कुठला शब्द कागदावर लिहून देतो, ते आधी बघा. पुढं यावर बरंच अवलंबून आहे.

ही कल्पना न्यूयॉर्कची. तिथल्या सोहो भागात बिडाच्या खांबांचे जुने कारखाने ओस पडले होते. साठच्या दशकात चित्रकार आणि शिल्पकार त्यांत राहायला गेले. जागा ऐसपैस, खिडक्या मोठ्या, भाडं परवडणारं. राहायची परवानगी मात्र नव्हती. १९७१ मध्ये कलाकारांपुरती मुभा मिळाली आणि १९८२ मध्ये अशा भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा आला. त्याच १९८२ मध्ये मुंबईत गिरण्यांचा संप झाला. पुढं तिथल्या बहुतेक गिरण्या पाडून टॉवर उभे राहिले, भिंती ठेवून आत घरं करायचा विचार फारसा कुणी केला नाही.

आपल्या पट्ट्यात कामाच्या जागेत संसार मांडणं काही नवं नाही. वडगाव, खासबाग, शहापूरच्या विणकरांच्या घरांत पुढं माग आणि मागं चूल अशीच मांडणी असते, आणि मागाच्या खडखडाटात पोरं अभ्यास करून मोठी होतात. पण ती मुळात घरंच, घरात माग आला. वखारीचं उलटं आहे. ती मालासाठी बांधलेली असते आणि माणूस मागाहून येतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी घ्या. जाड भिंती, उंच छप्पर, खिडक्या कमी आणि वर, दारं मात्र बैलगाडी आत जाईल एवढी. तंबाखूचे बोद, म्हणजे मोठी गाठोडी, रचायचे, जर्दा चाळायचा, हवेतली ओल आत येऊ द्यायची नाही, एवढाच त्या बांधणीचा हेतू. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले, ते ज्या व्यापाराविरुद्ध, तो व्यापार याच भिंतींच्या आत चालायचा. वखारीत दिवसभर धुरळ्यात बसून तंबाखू कुटणाऱ्या बायका गेल्या, तरी त्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेली चौकट अजून तशीच असते. खानापूरकडं कौलांचे कारखाने झाले, कारण माती तशी. गोकाकच्या धबधब्यावरची सूतगिरणी १८८७ ची, पण ते काम मोठं, त्याची गोष्ट वेगळी. घर म्हणून विकायला येण्याजोगी इमारत बहुधा मधल्या आकाराची असते. एखादी वखार, मागांची शेड, तेलाची घाणी नाहीतर जिनिंगची इमारत.

अशा घराचा दर चौरस फुटावर सांगतात. फरशी मोजतात आणि पैसे उंचीचे घेतात. हे एकदा ध्यानात आलं की घर कसं बघायचं तेही कळतं. आत शिरल्यावर फरशी, रंग, स्वयंपाकाचा ओटा यांच्याकडं बघू नका. मान वर करा.

वर काय दिसतं? मंगलोरी कौलं असतील तर नशीब चांगलं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेनं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तो नमुना पुढं सगळ्या किनाऱ्यावर आणि घाटावर पसरला. कौलावर कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं. विकणारा ते कौतुकानं दाखवतो, 'बघा, १८६५ चं कौल!' ते साल कारखाना सुरू झाल्याचं, कौल भाजल्याचं नव्हे. तेच साल असलेली कौलं पुढं कित्येक वर्षं निघत राहिली. कौलाचं नाव दुसऱ्याच कारणासाठी वाचायचं. एकाच पाख्यावर, म्हणजे छपराच्या एका उतरत्या बाजूवर, तीन कारखान्यांची कौलं दिसली तर मध्ये दुरुस्त्या झाल्यात आणि त्या मिळेल त्या मालानं झाल्यात. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा. खोबणीत खोबण नीट बसत नाही. दोन कौलांच्या सांध्यात पैशाचं नाणं जाईल एवढी फट राहिली तरी खानापूर-बेळगावचा पाऊस ती बरोबर शोधून काढतो.

'वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही' असं आपण म्हणतो. वळचण म्हणजे छपराची खालची कड, आढं म्हणजे माथा. आषाढातल्या आडव्या पावसात ते खरंच काही इंच वर चढतं. वारा खालून मारतो, वरचं कौल खालच्या कौलावर जिथं बसतं तिथं पाणी ढकललं जातं, आणि कौलाचा ओठ ओलांडून आत टपकतं. कौलाखाली वाळका पाला किंवा शेवाळ अडकलं असेल तर आणखी सोपं. पाला पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू आत सोडतो. म्हणून पाख्याला उतार हवा. मंगलोरी कौलाला साधारण ३० अंश बरा. त्याहून बराच कमी असेल तर आत कितीही सुंदर दिसू दे, गळती कायमची. घर करताना कुणी उजेडासाठी पाखं फोडून खिडकी काढली असेल, तर खिडकीच्या वरच्या कडेला पाणी अडतं. तिथं पत्र्याची पन्हळ आहे का आणि ती दोन्ही बाजूंनी खाली सोडली आहे का, हे शिडी लावून बघावं. खालून बघून कळत नाही.

गळती थांबवायला हल्ली कौलाखाली पाणीरोधक कापड घालतात. कल्पना चांगली आहे, पण बहुतेक वेळा चूक एकाच ठिकाणी होते. कापड अंथरायचं आणि त्याच्यावर थेट आडव्या रिपा, म्हणजे कौलं टेकायच्या लाकडी पट्ट्या, ठोकायच्या. मग कौलातून आत आलेलं पाणी कापडावरून घसरतं, पहिल्या रिपेपाशी अडतं, तिथं साचतं आणि खिळ्याच्या भोकातून खाली येतं. रीपही कुजते. आधी आढ्याकडून वळचणीकडं जाणाऱ्या उभ्या पट्ट्या मारायच्या, इंचभर जाडीच्या, आणि त्यांच्यावर आडव्या रिपा. मग पाण्याला खाली जायला वाट राहते आणि कौलाखालून हवाही फिरते. विकणाऱ्याकडं काम चालू असतानाचे फोटो मागा. फोटो नसतील तर वळचणीच्या टोकाची दोन कौलं उचलून बघायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे. तो नको म्हणाला तर का म्हणतो, ते विचारावं.

वर कौलं नसून पीओपीचं नाहीतर जिप्समचं गुळगुळीत छत दिसलं तर एक तावदान उघडायला लावा. छताच्या वर सिमेंटचा जुना पन्हाळी पत्रा असू शकतो. त्यात ॲस्बेस्टॉस असतो. धक्का न लावता आहे तोवर ठीक, पण पंख्यासाठी, दिव्यासाठी, सोलरसाठी त्याला ड्रिल लावलं की बारीक धूळ श्वासात जाते. असा पत्रा बदलायचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावी. आणि पत्रा नसून कौलंच असली, तरी त्यांच्याखाली घट्ट बंद केलेलं छत मला पटत नाही. कौलारू छप्पर जगतं ते हवेवर. कौल आपल्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकं पाणी पितं आणि ऊन पडलं की सोडतं. खालून कोंडलं की ती वाफ वाशांत शिरते, आणि जे सागवान शंभर वर्षं टिकलं ते पंधरा पावसाळ्यांत मऊ पडतं.

आता कैची. खरं घर इथं आहे, म्हणून इथं वेळ द्या.

जुन्या वखारीत बहुधा आठ-दहा फुटांवर एक अशा लाकडी कैच्या असतात. दोन तिरके वासे आढ्याला मिळतात, त्यांची खालची टोकं एका आडव्या तुळईत खोवलेली असतात, आणि मधोमध एक उभं लाकूड. हे उभं लाकूड बघून सगळ्यांना वाटतं की हा खांब आहे आणि तो आढ्याचा भार तुळईवर देतो. अगदी उलट आहे. ते लाकूड आढ्याला लटकलेलं आहे आणि त्यानं तुळईला मधून वर धरलं आहे. म्हणूनच त्याच्या तळाशी लोखंडी पट्टा असतो, तुळईच्या खालून फिरवलेला, आणि त्यात दोन पाचरी मारलेल्या. त्या पाचरी ढिल्या आहेत का, हे हातोडीनं हलकं ठोकून कळतं. घट्ट पाचर खणकन वाजते, ढिली बद्द. पट्टा गंजून फुगला असेल तर लाकडाला चीर पडलेली दिसेल.

आणि ती आडवी तुळई? कौलांचं वजन तिरक्या वाशांतून खाली येतं आणि भिंती बाहेर ढकलू बघतं. ती तुळई दोन्ही भिंतींना आत खेचून धरते. तिच्यात ताण आहे. धनुष्याच्या दोरीसारखी ती आहे. आता होतं काय, तर पोटमाळा केला की ती तुळई नेमकी वर वावरणाऱ्या माणसाच्या छातीशी येते. वाटेत येते, डोकं आपटतं, फोटोत वाईट दिसते. मग कुणीतरी ती मधून कापतं, चौकटीसारखी दोन बाजूंना ठेवतं आणि वर पॉलिश मारतं. पहिल्या वर्षी काही होत नाही. लाकूड, चुना, दगड हळूहळू हलतात. दोन-तीन पावसाळ्यांनी लांब भिंत वरच्या बाजूनं बाहेर कलते, लांब भिंत आणि टोकाची त्रिकोणी भिंत जिथं मिळतात त्या कोपऱ्यात वरून खाली अरुंद होत जाणारी चीर पडते, आढं मधून बसतं आणि कौलांच्या ओळी वाकड्या दिसायला लागतात. बाहेर रस्त्यावर उभं राहून आढ्याची रेघ बघा. ती सरळ हवी. मधून पोट आलेलं आढं सगळं सांगून टाकतं.

मग ओळंबा लावा. गवंड्याकडं असतो, नसला तर दोरीला नट बांधून चालतो. भिंतीच्या माथ्यावरून खाली सोडा, वर आणि खाली दोरी भिंतीपासून किती लांब आहे ते मोजा. जुन्या दगडी बांधकामात अर्धा-पाऊण इंच फरक असतोच, तो धरू नये. चौदा फुटांत दोन इंचांवर गेला की स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय पुढं जाऊ नका. चीर जुनी आहे की अजून हलते आहे, हे कळायला काचेची पातळ पट्टी चिरेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरनं चिकटवतात आणि तारीख लिहून ठेवतात. भिंत हलली की काच फुटते. महिनाभर तरी ठेवावी, आणि जमलं तर त्यात पावसाळ्याचे दिवस यावेत.

तुळईचं कुठलं टोक आधी कुजतं? जे भिंतीत गेलंय ते. तिथं हवा नाही आणि भिंतीची ओल थेट लाकडाला लागते. मधलं लाकूड कितीही ठणठणीत वाजलं तरी टोकाशी आरी टोचून बघा. चांगल्या सागवानात ती जेमतेम शिरते, कुजलेल्यात लोण्यासारखी. खाली जमिनीवर पिठासारखी बारीक भुकटी दिसली तर भुंगेरा, भिंतीवरून मातीची बोटभर रेघ चढलेली दिसली तर वाळवी. वाळवीचं औषध मारता येतं, पण ती कुठल्या ओलीच्या मागं लागून आली हे शोधल्याशिवाय मारणं म्हणजे पैसे फेकणं. काही इमारतींत लाकडाऐवजी लोखंडी तुळया असतात. पोलादावर 'डॉर्मन लाँग' (विलायती कंपनी) किंवा 'टाटा' अशी नावं उठवलेली सापडतात. टाटांचं पोलाद १९१२ पासूनचं, म्हणजे तसं नाव असेल तर तुळई त्याच्या आधीची नाही. लोखंड टिकाऊ खरं, पण तेही भिंतीत शिरतं तिथंच गंजतं, गंजून फुगतं आणि दगड उचलतं.

पोटमाळ्याचं साधं गणित कागदावर मांडून बघा. राहत्या खोलीला २.७५ मीटर उंची लागते. पोटमाळ्यावर कमीत कमी २.२ मीटर. मधल्या जमिनीची जाडी, लोखंडी तुळयांसकट, २० सेंटिमीटर धरा. बेरीज ५.१५ मीटर, म्हणजे जवळजवळ सतरा फूट. कैचीच्या तुळईखाली सतरा फूट मोकळे असतील तर कशालाही हात न लावता पोटमाळा होतो. चौदा फूटच असतील तर कुणी ना कुणी काहीतरी चोरलंय. खालची खोली बुटकी केली, वरची केली किंवा तुळई कापली. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणं पोटमाळा खालच्या क्षेत्राच्या एक तृतीयांशाहून मोठा नसावा. विकणाऱ्यानं अख्खा मजला टाकून त्याला पोटमाळा म्हटलं असेल तर मंजूर नकाशात तो दिसणार नाही. नकाशात नसलेल्या जागेवर बँक कर्ज देत नाही, आणि तुम्ही मात्र तिचे पूर्ण दरानं पैसे मोजलेले असता.

त्यात छपराचा उतार. तीस अंशांच्या पाख्याला भिंतीपासून एक फूट आत आलं की सात इंच उंची मिळते. पोटमाळ्यावर भिंतीपाशी तीन फूट उंची असेल तर साडेसहा फुटांचा माणूस सरळ उभा राहायला भिंतीपासून सहा फूट आत यायला हवं. दोन्ही बाजूंचे सहा-सहा फूट गेले. उरली ती मधली पट्टी. कडेच्या जागेत अंथरूण-पांघरूण ठेवता येतं, पुस्तकं ठेवता येतात, पण तिचा दर उभं राहायच्या जागेचा नसावा.

भिंतींची जाडीही मोजा. बाहेरून २० बाय ३० फुटांची छोटी स्वतंत्र वखार, ६०० चौरस फूट. चारी भिंती दोन-दोन फुटी असल्या तर आत राहतात १६ बाय २६, म्हणजे ४१६. जवळजवळ तिसरा हिस्सा दगडच. त्या भिंतींना मी नावं ठेवत नाही. उन्हाळ्यात दुपारी त्यांच्याच आड थंड वाटतं. पण कार्पेट एरिया ४१६, हे खरेदीखतात लिहून घ्यावं.

पोटमाळ्याचा भार कशावर? हा प्रश्न विचारल्यावर मेस्त्री कैचीकडं बोट दाखवील तर तिथंच थांबा. कैची कौलांसाठी आहे. माणसं, कपाटं, पलंग यांच्यासाठी तिची योजना नव्हती. जुन्या भिंतीत खळगे पाडून तुळया रोवणंही बरं नव्हे, विशेषतः जांभ्याच्या भिंतीत, कारण एका ठिकाणी भार आला की जांभा चुरतो. पोटमाळ्याला स्वतःचे लोखंडी खांब आणि स्वतःचा पाया हवा. जुन्या भिंतींना टेकलेला पण त्यांच्यावर न रेललेला. निपाणी-चिकोडीकडं काळी माती, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथं नवा पाया जुन्या पायाच्या अगदी लगत आणि त्याहून खोल खणला की जुनी भिंत बसू शकते. बेळगाव-खानापूरच्या तांबड्या मातीत हे दुखणं कमी. पोटमाळ्याची जमीन हलकी ठेवावी. दहा सेंटिमीटर काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलो नुसतं स्वतःचंच वजन, त्यावर राहण्याचे दोनशे किलो धरायचे. इंचभर जाडीच्या फळ्या घातल्या तर स्वतःचं वजन त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी होतं. चालताना आवाज येतो, तो सोसावा.

आवाजावरून आठवण झाली ती दोन घरांमधल्या भिंतीची. एका वखारीत सहा घरं केली असतील तर मधल्या भिंती कुठपर्यंत गेल्यात? पुष्कळदा तुळईपर्यंतच जातात, वरचा त्रिकोण प्लायवूडनं झाकलेला असतो. मग शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या तुमच्या गादीवर. शिट्ट्यांचं जाऊ दे, आग लागली तर ती त्या त्रिकोणातून कौलांखालून सरळ पलीकडं जाते. भिंत कौलाच्या पोटाला भिडलेली हवी.

भिंतीवर खालच्या दोन-तीन फुटांत पांढरा लोणा फुटलेला असेल आणि त्याच्यावर नवं सिमेंटचं प्लास्टर असेल तर प्लास्टर हे रोगावरचं पांघरूण आहे. चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती सोडू देत नाही. ओल आणखी वर चढते आणि प्लास्टर पापुद्र्यांनी सुटतं. दरजा चुन्यानंच भराव्यात, गिलावाही चुन्याचा, आणि रंगाऐवजी चुनाच. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला वेळ लागतो, पण जुन्या देवळांच्या दुरुस्तीवर असलेल्या माणसांकडं चौकशी केली की सापडतो.

तंबाखूच्या वखारीत आणखी एक गोष्ट. हिवाळ्यात घर बघाल तर काही जाणवणार नाही. पहिल्या पावसात हवा ओली झाली की भिंती आणि तुळया तंबाखूचा वास सोडतात. कोरडा, गोडसर, घशाला लागणारा. जुना गिलावा मुळापर्यंत खरवडून काढलेला असेल तर वास बराच कमी होतो. नुसता वरून रंग दिला असेल तर नाही. लाकडावर चपडा लाखेचे दोन हात दिले की तो आत कोंडला जातो. लहान मूल किंवा दम्याचा माणूस घरात असेल तर हे काम राहायला जायच्या आधी करून घ्या. म्हणूनच असं घर दोनदा बघावं. एकदा मे महिन्यात दुपारी, पोटमाळ्यावर अर्धा तास बसून. गरम हवा सगळी तिथंच जमते, आणि आढ्याशी हवा जायला वाट किंवा टोकाच्या भिंतीत समोरासमोर झरोके नसतील तर तिथं झोपता येणार नाही. दुसऱ्यांदा जुलैत, पाऊस चालू असताना.

आता कागद, आणि कागद आपल्या भागात दोन भाषांत असतात. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात, त्यामुळं जुनी खतं मराठीत, काही तर मोडीत. त्यानंतरचे उतारे कन्नडमध्ये. एकाच मालकाचं आडनाव तीन प्रकारे लिहिलेलं असतं, आणि २०१४ नंतर गावाचं नावही 'बेळगावी' झालेलं. नावांवर विसंबू नका, सिटी सर्वे नंबर जुळवा. कन्नड वाचता येत नसेल तर चतुःसीमा विश्वासातल्या माणसाकडून ओळीनं वाचून घ्या, दलालाकडून नाही. दिशांची नावं ऐकताना कळतात, घोटाळा आकड्यांत होतो. कन्नड सहा आणि नऊ नवख्या डोळ्याला सारखेच दिसतात. म्हणून सर्वे नंबर आणि क्षेत्र बोट ठेवून तपासावं.

बोजा नसल्याचा दाखला, म्हणजे ईसी, ऑनलाइन मिळतो तो साधारण २००४ पासूनचा, त्यामागचा शोध नोंदणी कचेरीत हातानं घ्यावा लागतो. जुनी वखार पेढीच्या नावावर असते, भागीदार गेलेले, वारस पुण्या-मुंबईला. मुलींसकट सगळ्यांच्या सह्या हव्यात. जमीन एन.ए. (बिनशेती) आहे एवढ्यावर समाधान मानू नका, कशासाठी एन.ए. ते वाचा. औद्योगिक असेल तर निवासी वापराचा बदल नियोजन प्राधिकरणाकडून झालेला हवा. ई-खात्यावर, म्हणजे पालिकेच्या मालमत्ता-उताऱ्यावर, वापर 'निवासी' आला पाहिजे. घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या रेराच्या भरवशावर राहू नये. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणीची सक्तीच नाही, आणि आपल्या बहुतेक वखारी त्यातच बसतात. वीज हेस्कॉम या सरकारी कंपनीची. आर.आर. नंबर, म्हणजे वीजजोडणीचा नंबर, औद्योगिक असेल तर घरगुती करून घ्यायचा आणि मागची थकबाकी आधी फेडून घ्यायची.

राहिलं छप्पर, आणि ते कुणाचं? कर्नाटकाच्या १९७२ च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र होतं. त्यात छप्पर सामाईक लिहिलेलं असतं. बरोबरच आहे. एकाचं कौल फुटलं तर पाणी तिसऱ्याच्या पलंगावर पडतं, कारण ते वाशावरून वाहत जातं. पण सामाईक म्हणजे शाकारणी कोण करणार, कधी करणार आणि पैसे कोण देणार, हे त्या कागदात सहसा नसतं. ते घालून घ्या. ६०० चौरस फूट जमिनीवरच्या पाख्याला उतार धरून सातशे फूट होतात आणि साधारण हजार कौलं लागतात, वजन अडीच ते तीन टन. दर दोन वर्षांनी, मे महिन्यात, मृगाच्या आधी, ती ओळीनं उचलून झाडायची, शेवाळ घासायचं, फुटकी बदलायची, आढ्याच्या कौलांचा चुना बघायचा, पन्हळीतला पाला काढायचा. वानरं येत असतील तर दरवर्षी. त्या दिवशी सगळ्या घरांत वरून धूळ पडते, सामान झाकावं लागतं, आणि एकानं 'आमच्याकडं नको' म्हटलं तर काम अडतं. म्हणून तारीख आधी ठरवून लिहिलेली बरी, आणि वर चढणाऱ्या माणसाला फळ्या टाकायला जागा व दोरी बांधायला कैचीला कडी हवी.

आणि शेवटी सुट्टी कौलं मागून घ्या. शेकडा पाच, म्हणजे तुमच्या वाट्याची पन्नास, त्याच कारखान्याच्या त्याच साच्याची. घर करताना जुनी निघालेली असतात, बहुतेक वेळा ती ट्रॅक्टरनं भरावाला जातात. खरेदीखताच्या परिशिष्टात त्यांची संख्या लिहावी. आडवी एकावर एक रचली तर खालची चिरतात. विटांवर फळी टाकून, उभी, एकमेकांना किंचित कलती, मागच्या भिंतीला टेकवून ठेवावीत, सगळ्यांची नावं एकाच बाजूला.